अर्धा दिवस काम आणि गृह आधारचे दीड हजार

प्रश्न गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गृहिणीचा आहे. गृहिणी म्हणते खरी, पण ती नऊ वर्षं पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग खात्यात कायम नोकरीला आहे. वय ३८. पगार १४,५००. नवरा साखळीत हार्डवेअरच्या दुकानात, वय ३९, पगार ११,५००, त्याला पीएफ वगैरे काही नाही. मुलगा दहावीत. सासू पावसाच्या तोंडावर अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चार पावलं टाकते. तिला बघायला दिवसाची बाई ठेवायची तर ८,००० मागते. सासूला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० येतात. शेजारणीला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना १,५०० येतात, हिला येत नाहीत, कारण नवरा-बायकोचं उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर जातं. म्हणून तिचा विचार असा: अर्धाच दिवस काम करायचं, उत्पन्न मर्यादेत आणायचं, गृह आधार घ्यायचा आणि राहिलेलं सरकारकडून भरून काढायचं. शेवटी लिहिलंय, ‘इंग्लंडात स्विंडनला असलेली मैत्रीण सांगते, तिकडे सगळी असंच करतात. मग आपण केलं तर काय चुकलं?’

चुकलं काहीच नाही. फक्त हिशेब पूर्ण झालेला नाही. मी सव्वीस वर्षं कारखान्यांची पगारपत्रकं आणि पीएफ-ईएसआयचे (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा) कागद करतेय, आधी कुंडईला नोकरीत आणि आता फोंड्याला स्वतःचं टेबल टाकून. हा प्रश्न माझ्यासमोर वर्षातून दहा वेळा तरी येतो, बहुतेक वेळा चवथीच्या आधी, घरात पैशाची ओढाताण असते तेव्हा.

आधी स्विंडनचं बघू, कारण घोटाळा तिथूनच होतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली आपली माणसं सांगतात त्यात तथ्य आहे. तिथे पूर्वी टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी पगारवाल्यांना सरकारी मदत, होतं, आणि लहान मूल असलेल्या एकट्या आईने आठवड्याला १६ तास काम केलं की ते लागू व्हायचं. त्यामुळे ‘सोळा तास’ हा शब्द तिथल्या गोंयकारांच्या तोंडी बसला. एप्रिल २०२५ मध्ये ती पद्धत पूर्ण बंद झाली. आता युनिव्हर्सल क्रेडिट आहे. त्यात पगार वाढला की मदत एकदम तुटत नाही. ठरावीक रकमेच्या वर हातात पडणाऱ्या दर पौंडामागे ५५ पेन्स कमी होतात. उताराची वाट आहे म्हणा ना, पाय जपून टाकत उतरता येतं. शिवाय कमी तास काम करणाऱ्याला तिथलं खातं बोलावून ‘आणखी तास का शोधत नाही’ असं विचारतं, हे मैत्रीण सांगत नाही.

आपल्याकडे उतार नाही, कडा आहे. गृह आधारला नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. आत असलात तर पूर्ण १,५००. वर गेलात, मग शंभर रुपयांनी का असेना, शून्य. २०१२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा हजार रुपये मिळायचे. महागाईत घर चालवणाऱ्या बाईच्या हातात थोडा आधार, एवढाच तिचा हेतू होता. पगाराची जागा घ्यायला ती कधीच आलेली नाही, आणि दीड हजारात ती घेणार तरी कशी?

आता तुमचे आकडे. दोघांचे मिळून महिना २६,०००, वर्षाचे ३,१२,०००. मर्यादेवर १२,०००.

पूर्ण दिवसाच्या १४,५०० मधून तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,७४० जातो, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १०९. हातात १२,६५१. अर्धा दिवस केलात तर पगार ७,२५०, पीएफ ८७०, ईएसआय ५५, हातात ६,३२५. म्हणजे हातातले ६,३२६ गेले आणि १,५०० आले. महिना ४,८२६ कमी. वेगळ्या तऱ्हेने बघा: महिन्याचे २६ दिवस, रोज चार तास, असे १०४ तास तुम्ही सोडले. सरकारने त्याचे दिले तासाला साडेचौदा रुपये. तुम्ही आज तासाला साठ रुपये घरी नेता.

हातातलं झालं, न दिसणारं राहिलं. पीएफ कापला जातो तो तुमच्या डोळ्यांना खर्च दिसतो, पण तेवढेच पैसे मालक घालतो. अर्ध्या पगारावर तुमचे ८७० आणि मालकाचे ८७० कमी भरले जातील. त्यातले ६०४ पेन्शनच्या खात्यातले, ते सोडले तरी तुमच्या पीएफच्या शिल्लकीत दरमहा १,१३६ रुपये कमी पडतील. वर्षाला साडेतेरा हजारांवर, व्याज वेगळं. पॅकिंगच्या बायकांना मी पासबुक मोबाईलवर उघडून दाखवते तेव्हा त्या आधी शिल्लक बघतच नाहीत, मालकाच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘हे आमचेच?’ तुमचेच.

मग कोणी हुशार माणूस म्हणेल, अर्धा दिवस कशाला, मर्यादेच्या वर फक्त १२,००० आहेत ना, तेवढ्याच बिनपगारी रजा घ्या. मीही हे मांडून बघितलं. तुमचा एका दिवसाचा पगार ५५८ रुपये धरला तर वर्षात २२ दिवस खाडा केला की उत्पन्न तीन लाखांच्या आत येतं. हातातले जातात सुमारे १०,७०० आणि येतात १८,०००. सात हजारांचा फायदा, वर बावीस दिवस घरी. कागदावर झकास. मर्यादेच्या जरा वर असलेल्या घरांना हे गणित खरंच लागू पडतं, मी नाकारत नाही.

पण बोनस कुठे गेला? तुमच्या पत्रात तो नाही. कारखान्यात बोनस कायद्याने मिळतो, कमीत कमी ८.३३ टक्के, आणि वर्षाचं उत्पन्न म्हटलं की तोही त्यात आला. समजा बोनस १२,००० आहे. मग तुम्ही मर्यादेच्या वर चोवीस हजार आहात, खाडे २२ नव्हेत, ४४ करावे लागतील. हातातले साडेएकवीस हजार घालवून अठरा हजार मिळवायचे. आणि पुढल्या वर्षी महागाई भत्ता वाढला की आणखी खाडे. मजुरी दरवर्षी वर सरकते, तीन लाखांची रेघ आहे तिथेच आहे. महिन्याला दोघांचे पंचवीस हजार झाले की रेघ गाठली जाते, आणि आज दोन माणसं कामाला जाणाऱ्या घरात पंचवीस हजार ही काही श्रीमंती नव्हे. यावर सरकारला बोल लावायचा तर जरूर लावा, मी तुमच्या बाजूने आहे. पण रेघेच्या मागे मागे आपली मजुरी छाटत जाणं हा त्यावर उपाय नव्हे.

तिसरी वाट तुम्ही विचारली नाहीत, पण तुम्हाला कोणीतरी ती नक्की सुचवेल, म्हणून सांगून ठेवते. ‘कागदावरून नाव काढू, पगार रोख देऊ, पीएफ नको, ईएसआय नको, उत्पन्न दाखवायलाच नको.’ बाईला वाटतं पात्रांव, म्हणजे मालक, उपकार करतोय. त्याचे महिन्याला पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के वाचतात, हे तो सांगत नाही.

उसगावकडची एक बाई माझ्याकडे आली होती. नाव-गाव, कारखाना काही सांगत नाही. बिस्किटाच्या डब्यात पगाराच्या चिठ्ठ्या घालून आणल्या होत्या, डबा टेबलावर उलटा केला. तिने तास कमी करून घेतले होते, आठवड्याला तीन दिवस, रोजंदारी, आणि मध्ये काही आठवडे रोखीने. गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने घरी बसावं लागलं. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता मागायला गेली तर नाकारला. मी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, दोघींनी मिळून दिवस मोजले. एकाहत्तर. भत्ता मिळायला वर्गणीच्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. सात दिवस कमी. ती पुन्हा मोजू लागली, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर वाढतील. तिचा रोज ४८० होता. सत्तर टक्क्यांनी दिवसाला ३३६, आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, म्हणजे तीस हजारांवर रक्कम. गृह आधारचे वीस महिने.

हे अठ्ठ्याहत्तर लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचा निम्मा जीव त्यात आहे. ईएसआयची वर्गणीची दोन पर्वं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एका पर्वात आठवडे सव्वीस. सव्वीस गुणिले तीन किती? अठ्ठ्याहत्तर. म्हणजे रोजंदारीवर आठवड्याला तीन दिवस काम करणारी बाई अगदी काठावर उभी असते. एक दिवस ताप आला, एक दिवस बस चुकली, की सगळं पर्व पाण्यात. रोज अर्धा दिवस काम करणाऱ्या बाईचं तसं होत नाही. अर्ध्या दिवसाचा का असेना, पगार मिळाला की दिवस मोजला जातो. भत्ता अर्ध्या पगाराच्या हिशेबाने मिळेल, पण मिळेल. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या, वर्षालाही २४० दिवसांचा हिशेब काढतात, तिथे तीन दिवसांच्या आठवड्यावरून वाद सुरू होतात. आठवड्याला तीन दिवस आणि रोज अर्धा दिवस यात मजुरी सारखीच, पण हक्कांत जमीन-अस्मानाचा फरक.

ग्रॅच्युइटीवरून आठवलं. तिचा हिशेब शेवटच्या पगारावर होतो, आधीच्या सगळ्या वर्षांसाठी. तुमची नऊ वर्षं आजच्या पगारावर मोजली तर ७५,२८८ रुपये होतात. अर्ध्या पगारावर आलात आणि तिथूनच नोकरी सोडलीत, तर त्याच नऊ वर्षांचे ३७,६४४. तुम्ही ती वर्षं पूर्ण आठ-आठ तास उभ्या राहून काढलीत, तरी. म्हणून अर्ध्या पगारावर असताना राजीनामा कधीही देऊ नका. आधी पूर्ण दिवसावर परत या, मग हवं ते करा.

पेन्शनचंही थोडं असंच, पण त्यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षं नोकरी झाली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. तुमची नऊ झालीत. हे एक वर्ष काहीही करून नोकरीत राहा, अर्धा दिवस का असेना, कारण अर्ध्या दिवसावरही वर्ष पूर्ण वर्ष म्हणून धरतात. आणि पेन्शनचा पगार काढतात तो शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीवर. पगार आहे तेवढाच राहिला असं धरून मांडते: ५८ व्या वर्षी तुमची २९ वर्षं भरतील, वीस वर्षांच्या वर नोकरी झाली की दोन वर्षं वाढवून देतात, म्हणजे ३१. १४,५०० गुणिले ३१ भागिले ७०, पेन्शन ६,४२१. शेवटची पाच वर्षं अर्ध्या पगारावर काढली असतील तर ३,२११. महिना ३,२१० चा फरक, मरेपर्यंत. दीड हजारांच्या मोहापायी म्हातारपणाचे सव्वातीन हजार घालवायचे. पण हेच जर अडतिसाव्या वर्षी वर्ष-दीड वर्ष अर्धा दिवस केलात आणि नंतर पूर्ण दिवसावर परतलात, तर पेन्शनला धक्का लागत नाही. तास कमी करायचेच असतील तर मधल्या वयात करावेत, शेवटच्या पाच वर्षांत करू नयेत. बायका बरोबर उलटं करतात. पन्नाशी उलटली, गुडघे दुखायला लागले की अर्धा दिवस मागतात. त्यांना दोष कसा द्यायचा, गुडघे काही पेन्शनचे नियम वाचून दुखत नाहीत.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गृह आधारची नाहीच. बाई ८,००० मागते, ती. तुम्ही ती मध्येच टाकून पुढे गेलात. पूर्ण दिवस नोकरी करून बाई ठेवलीत तर तुमच्या १२,६५१ मधून ८,००० जातील, उरतील ४,६५१. अर्धा दिवस नोकरी केलीत आणि बाई ठेवायची गरज पडली नाही, तर गृह आधार न धरताही ६,३२५ हातात राहतात. गृह आधार आला तर ७,८२५. म्हणजे अर्ध्या दिवसाचा निर्णय तुमच्या बाबतीत बरोबर आहे, पण त्याला टेकू सासूच्या वॉकरचा आहे, योजनेचा नाही. सासू हिंडू-फिरू लागली की टेकू निघून जाईल, त्या दिवशी पूर्ण दिवसावर परत जायचं. ‘गृह आधार जाईल’ म्हणून अर्ध्या दिवसावर थांबून राहिलात तर महिना ४,८२६ स्वतःच्या पदरचे घालत राहाल. मी असं थांबलेल्या बायका बघितल्यात. योजना मिळवायला खटपट केलेली असते, दाखल्यांसाठी हेलपाटे घातलेले असतात, मग ती सोडवत नाही.

अर्धा दिवस कुठला मागायचा, याचाही विचार करा. तुम्ही बहुतेक सकाळचा धरला असेल, सगळ्या बायका तोच धरतात. दुपारनंतरचा मागून बघा. सासूचं काम सकाळी असतं: उठवणं, न्हाणं, अकराची पेज, व्यायाम करायला येणारा माणूस आला तर त्याच्यासमोर कोणी असणं. आणि साखळीतली दुकानं दुपारी एक ते साडेतीन बंद असतात. तुमचा नवरा जेवायला घरी येतोच ना? तुम्ही साडेबाराला निघालात तर मध्ये पाऊण तास जातो, तेवढ्यापुरतं शेजारणीला सांगता येतं. सव्वा एकपासून सव्वातीनपर्यंत नवरा घरी. मुलगा शाळेच्या बालरथ बसमधून दोनच्या सुमारास येतो. नवरा दुकानात परत गेला की मुलगा अभ्यासाला पुस्तक घेऊन सोप्यावर बसेल, आजी आतल्या खोलीत झोपलेली. दहावीच्या पोरावर म्हातारीला उचलायची जबाबदारी टाकू नका, पण हाक मारली तर ऐकायला कोणी असणं एवढं त्याच्याने होईल. तुम्ही साडेपाच-सहाला घरी. एक अडचण आहे, कंपनीची बस पाळीच्या वेळेलाच सुटते, मधल्या वेळचं भाडं खिशातून जाईल. जाताना साधी बस, येताना कंपनीची, असं जमवता येईल.

अर्ज लिहिताना शब्द जपून वापरा. मालकाने काम कमी दिलं म्हणून कामगार अर्धा दिवस बसला तर त्याला पूर्ण दिवसाची किमान मजुरी द्यावी लागते, असं १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. कामगार स्वतःहून कमी काम करत असेल तर ते संरक्षण नाही. तुम्ही स्वतःहून मागताय, तेव्हा ते लिहावंच लागेल. पण मुदत घाला. ‘सासूच्या आजारपणामुळे अमुक तारखेपासून बारा महिने दुपारच्या अर्ध्या पाळीत काम करण्याची परवानगी मिळावी, त्यानंतर मी पूर्ववत पूर्ण वेळ रुजू होईन, माझी सेवा अखंड धरावी’ असं स्पष्ट. आणि त्या अर्जावर मंजुरीची सही-शिक्का घेऊन एक प्रत घरी ठेवा. तोंडी ‘हो हो, कर’ याला काही अर्थ नाही. व्यवस्थापक बदलला की तोंडी बोलणं त्याच्याबरोबर जातं.

गृह आधारचा अर्ज जरूर करा. अर्ध्या पगारावर दोघांचं उत्पन्न वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास येतं, बोनस धरला तरी मर्यादेच्या बरंच आत. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल, महिला व बालविकास खात्याकडे अर्ज. उत्पन्नात सगळं सांगा, भाड्याने दिलेली खोली असेल तर ती, कुळागरातल्या सुपाऱ्या असतील तर त्या. गोव्यात एक गंमत अशी की आपल्या समाईक मालमत्तेच्या कायद्यामुळे प्राप्तिकराला पगार सोडून इतर उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं दाखवतात. काहींना वाटतं इथेही तसं करून भागेल. इथे दोघांचं एकत्रच मोजतात, त्यामुळे अर्धं करा की पाव, बेरीज तीच. खोटा दाखला तर नकोच. पीएफ आधारला जोडलेला, बँक खातं आधारला जोडलेलं, उत्पन्न लपत नाही, आणि घेतलेले पैसे परत भरायची वेळ आली की ते एकरकमी भरावे लागतात.

पैसे सुरू झाले तरी दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतील असं धरून गडबड करू नका. दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात असंही होतं. किराणा दुकानाची उधारी त्याच्या भरवशावर बांधू नका. माझं ऐकाल तर ते पैसे घरखर्चात मिसळूच नका. तुमच्या नवऱ्याला पीएफ नाही आणि तो ३९ चा आहे. अटल पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंतच शिरता येतं. ३९ व्या वर्षी शिरलं तर महिना १,३१८ रुपये साठीपर्यंत भरून पुढे महिना ५,००० पेन्शन मिळते. १,५०० मधून तो हप्ता जातो आणि वर थोडे उरतात. उद्या तुम्ही पूर्ण दिवसावर परतलात आणि गृह आधार बंद झाला तर वाढलेल्या पगारातून हप्ता चालू ठेवायचा. त्याच्या वाढदिवसाआधी बँकेत जाऊन या, एवढं एक काम या आठवड्यात करा.

सासूच्या दयानंद पेन्शनचा तुमच्या अर्जाशी संबंध नाही, ती तिची आहे. फक्त हयातीचा दाखला वेळच्या वेळी द्या, खुब्याच्या गडबडीत तो राहून गेला की पेन्शन थांबते. तिच्या औषधपाण्यासाठी उत्पन्न कमी दाखवायची गरज आहे असंही मनात असेल तर ते काढून टाका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोव्याच्या आरोग्य विमा योजनेला उत्पन्नाची अट नाही. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. लोक तिला गरिबांची योजना समजून कार्डाचं नूतनीकरण करत नाहीत आणि मग दवाखान्याच्या दारात धावपळ करतात. आणि सासू तुमच्यावर अवलंबून असेल तर तुमच्या ईएसआयच्या कार्डावर तिचं नाव येतं का, हे कारखान्यातल्या ऑफिसात बसून बघा. नवऱ्याच्या आईचं नाव घालायचा पर्याय सुनेला मिळालेला आहे, पण सासरचे आणि माहेरचे दोन्ही बसतात की एकच, हेही तिथेच विचारा. तुमच्या आई-वडिलांची नावं आधीच घातलेली असतील तर त्यांच्याशी बोलूनच काय ते ठरवा. बाकी, ज्यांचा पगार २१,००० च्या आसपास आहे त्यांचं गणित वेगळं. त्या मर्यादेच्या वर गेलं की ईएसआयच सुटतं, आणि तिथे पाचशेची पगारवाढ खरोखर महागात पडू शकते. तुम्हाला तो प्रश्न अजून बरीच वर्षं नाही.

अर्जाचा मसुदा मी वर दिलाय तो तसाच्या तसा उतरवून काढा, तारीख पुढच्या महिन्याच्या एकची घाला. महिन्याच्या मध्यावर पाळी बदलली की पगारपत्रक बनवणारा पोरगा हमखास दिवस चुकवतो, आणि मग ते दुरुस्त करायला तुम्हालाच चार फेऱ्या माराव्या लागतात.